पर्किन्स ४.२३६ मरीन: जुनं इंजिन डिझेल खरंच किती पितं?

"भाऊ, तासाले किती पेते?" बोटीचं जुनं इंजिन बघायला आलेला माणूस आधी हेच विचारतो. विकणाऱ्याचं उत्तर तयारच असतं: "चार लिटर. लयच झालं तर पाच." किती आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना), किती वजनाच्या बोटीत, कोणता पंखा (प्रॉपेलर) लावून, हे ना विचारणारा विचारतो, ना सांगणारा सांगतो. सौदा होतो, बोट नागपूरकडच्या खिंडसीच्या नाहीतर गोसेखुर्दच्या जलाशयात उतरते आणि पहिल्याच महिन्यात डिझेलच्या पावत्या बघून मालक इंजिनाला शिव्या घालतो. त्या शिव्या बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातात.

पर्किन्स ४.२३६ हे इंजिन १९६४ सालचं. नावातच सगळं आलं: चार सिलिंडर, २३६ घनइंच, म्हणजे सुमारे ३.८६ लिटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९८.४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२७. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही, डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारलं जातं आणि कॉम्प्रेशन १६ ला १. मरीन, म्हणजे बोटीच्या, बांधणीत २५०० आरपीएमला ७२ घोडे (हॉर्सपॉवर) हे त्याचं नेहमीचं रेटिंग. ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट, लोडर, जनरेटर असं सगळीकडे हे इंजिन बसलं, त्यामुळे जुन्या मालाच्या बाजारात ते अजूनही मिळतं. किनाऱ्याकडून ट्रकवर चढून ते नागपूरपर्यंत येतं.

आधी निकाल सांगून टाकू. डिझेलच्या बाबतीत या इंजिनाला पाचपैकी चार. आवाज आणि थरथरीला दीड, आणि तोही उदारपणे. नागपुरात स्पेअर मिळण्याला तीन, कारण अर्धे भाग इथल्या ट्रॅक्टर लाईनला ठाऊक आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी मुंबईकडे डोळे लावून बसावं लागतं.

हिशेब घोड्यांचा, तासांचा नाही

थेट फवारणीचं जुनं, पण तब्येतीने ठीक असलेलं डिझेल इंजिन एका घोड्यामागे तासाला साधारण २२० मिलिलिटर डिझेल घेतं. उलट करून बघितलं तर एका लिटरात साडेचार घोडे तासभर राबतात. एवढा एक आकडा पाठ असला की विकणाऱ्याच्या चार-पाच लिटरचा अर्थ कळतो. चार लिटर म्हणजे अठरा घोडे. ७२ घोड्यांचं इंजिन तासाला चार लिटर खातं असं कोणी सांगत असेल, तर ते पाव ताकदीवर चालतंय एवढंच तो सांगतोय. पूर्ण रेस दिली की हेच इंजिन सोळा लिटर घेणार. त्यात इंजिनाचा दोष काहीच नाही.

आता पंख्याचं गणित. पाणी कापणाऱ्या जड बोटीत पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. २५०० ला ७२ घोडे घेणारा पंखा २००० ला ३७ घेतो, १६०० ला १९ आणि १२०० ला जेमतेम ८. पाण्याच्या रेषेवर २६ फूट लांब, चारेक टन वजनाची, वीस-बावीस माणसं बसवणारी लाँच धरा. तिचा नैसर्गिक वेग लांबीवरून ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे ६.८ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर चढत राहते.

अशा बोटीत आकडे साधारण असे पडतात. १२०० आरपीएमला ताशी साडेनऊ किलोमीटर आणि सव्वादोन लिटर. १६०० ला बारा किलोमीटर आणि साडेचार लिटर. २००० ला सव्वातेरा किलोमीटर आणि सव्वाआठ लिटर. २५०० ला साडेचौदा किलोमीटर आणि सोळा लिटर. हिशेबाला डिझेल ९० रुपये लिटर धरा: १२०० ला किलोमीटरमागे २१ रुपये, १६०० ला ३४, आणि पूर्ण रेसला ९९. बारावरून साडेचौदावर जाण्यासाठी, म्हणजे ताशी अडीच किलोमीटरसाठी, किलोमीटरचा खर्च जवळजवळ तिप्पट. बोटीत बसलेल्या माणसाला हा फरक जाणवतसुद्धा नाही. त्याला दिसते फक्त मागची मोठी लाट, आणि तिचा फोटो छान येतो.

धक्क्यावर न्यूट्रलमध्ये उभं असताना हे इंजिन तासाला पाऊण ते एक लिटर जाळतं. रविवारी गर्दीत फेरीच्या आधी पंधरा-पंधरा मिनिटं "चालूच राहू दे" म्हणून ठेवलं तर दिवसाचे दोन-तीन लिटर नुसते धुरात जातात. स्टार्टर आणि बॅटरी चांगली असेल तर बंद करावं. हे इंजिन गरम असताना अर्ध्या फेऱ्यात सुरू होतं.

मोजायचं कसं

टाकीत काठी घालून डिझेल मोजणं सोडून द्या. बोट डोलते, टाकी चौकोनी नसते आणि काठीवरचा एक सेंटिमीटर कधी दोन लिटर असतो, कधी पाच.

पाच लिटरचा पारदर्शक कॅन घ्या. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यावरून कॅनवर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा करा. टाकीकडून लिफ्ट पंपाला (टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या पंपाला) येणारा पाईप काढून त्याजागी या कॅनमधली नळी लावा. आणि इथेच नव्वद टक्के लोक चुकतात: नोझलवरून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावरून) परत येणारा बारीक रिटर्न पाईपही टाकीतून काढून याच कॅनमध्ये सोडा. नोझल आणि पंप दोन्ही थोडं डिझेल परत पाठवतात. रिटर्न टाकीत जात राहिला तर ते परत गेलेलं डिझेलही जाळलं म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो. नोझल झिजलेल्या असतील तर बराच फुगतो.

कॅन लिफ्ट पंपाच्या पातळीच्या वर बांधा, हवा काढून घ्या, इंजिन वीस मिनिटं लोडवर चालवून गरम करा. मग एकच आरपीएम धरून ठेवा आणि एक लिटर संपायला किती मिनिटं लागली ते लिहा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की तासाचे लिटर मिळतात. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे तासाला पाच लिटर. वेग फोनच्या जीपीएसवर बघा, पण जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी बघून सरासरी काढा. तोतलाडोहसारख्या उघड्या पाण्यावर दुपारचा वारा एका बाजूला ताशी एक किलोमीटर सहज खातो.

आरपीएमचं मीटर खोटं बोलतं हेही गृहीत धरा. चाळीस वर्षांचं केबलवालं मीटर शंभर-दीडशे आरपीएम इकडेतिकडे दाखवणारच. क्रँक पुलीवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवून हातातल्या फोटो टॅकोमीटरने एकदा खरे आकडे काढा आणि मीटरच्या काचेवर पेनाने खुणा करून ठेवा. वरचं सगळं गणित आरपीएमच्या घनावर आहे. त्यात १६०० च्या आसपास शंभराची चूक म्हणजे डिझेलमध्ये वीस टक्क्यांची चूक.

पंखा मुंबईचा, हवा नागपूरची

इंजिन जुनं असो वा नवं, डिझेल सर्वात जास्त वाया जातं ते चुकीच्या पंख्यामुळे. तपासायची रीत सोपी: बोट नेहमीच्या वजनावर भरा, खोल पाण्यात पूर्ण रेस द्या आणि आरपीएम बघा. २५०० ला थोडं ओलांडलं तर पंखा बरोबर. २२०० वर इंजिन अडकलं आणि मागे काळा धूर सुटला, तर पंखा जड आहे. पंप पूर्ण डिझेल टाकतोय, सिलिंडरला ते जाळायला हवा पुरत नाही, उरलेलं काजळी होऊन बाहेर पडतंय. काळा धूर म्हणजे पैसे आहेत, अक्षरशः.

पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जितका पुढे जातो ते अंतर, एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. व्यासातला एक इंच याच्या दुपटीहून जास्त फरक करतो, म्हणून व्यासाला हात लावण्याआधी पिच बघावी. दोनास एक गिअरबॉक्स आणि १२ इंच पिच असेल तर २५०० आरपीएमला पंखा कागदावर ताशी २३ किलोमीटर पुढे जायला हवा. बोट तेरा-चौदाच जाते. हा चाळीस टक्क्यांचा स्लिप जड लाँचमध्ये नेहमीचाच, त्याने घाबरून मोठा पंखा लावायचा नाही. साठ टक्क्यांवर गेला तर मात्र पंख्याच्या कडा बघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांची बुडखी आणि दगड वर येतात आणि एक पाकळी वाकलेली असते. वाकलेल्या पाकळीची थरथर हे इंजिन स्वतःच्या थरथरीत लपवून टाकतं, म्हणून ती कळत नाही.

आता नागपूरचं खास. किनाऱ्यावर बरोबर बसलेला पंखा आणि तिथेच लावलेला डिझेल पंप इथे जसाच्या तसा आणला तर जड पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणजे हवा साडेतीन टक्के पातळ. त्यावर मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा. २५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा आणखी सहा टक्के विरळ. दोन्ही मिळून दहाव्या हिश्शाची हवा गेली, पण डीपीए पंप, म्हणजे नोझलना डिझेल मोजून देणारा या इंजिनाचा पंप, तेवढंच डिझेल टाकतोय, कारण त्याला हवा मोजता येत नाही. आपलं पाणी गोडं, समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे पंख्यावरचा भार किंचित कमी होतो. तेवढ्याने भरपाई होत नाही. म्हणून किनाऱ्यावरून आलेल्या बोटीचा पंखा इथे एक इंच पिचने हलका करून घेणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं, आणि पंप दुकानातल्या तपासणीच्या बेंचवर गेलाच असेल तर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा थोडी मागे घ्यायला सांगावी. हे काम बेंचवरच. पंपाचं झाकण उघडून बोटीतच स्क्रू फिरवणारा मिस्त्री भेटला तर नमस्कार करून निघावं.

इंजिनाची पेटीही बघा. ३.८६ लिटरचं हे इंजिन २५०० आरपीएमला मिनिटाला चार हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. लाकडी पेटी, वर गादी, गादीवर प्रवासी, आणि हवेला वाट म्हणून फळ्यांमधल्या फटी, असा थाट असेल तर आतली हवा साठ अंशांवर जाते. पेटीला पुढून आत येणारी आणि मागून बाहेर जाणारी अशा दोन मोकळ्या वाटा हव्यात, प्रत्येकी निदान पसरलेल्या दोन तळहातांएवढ्या.

आणि उथळ पाणी. मे-जूनमध्ये तलाव उतरल्यावर बोटीखाली मीटर-दीड मीटरच पाणी राहिलं तर बोट मागून बसते आणि लाट ओढत चालते. तेवढ्याच रेसमध्ये वेग दीड-दोन किलोमीटरने पडतो. चालक रेस वाढवतो, डिझेल जातं, वेग येत नाही. अशा पट्ट्यात १२०० वर उतरणं हाच इलाज.

थर्मोस्टॅट काढू नका

नागपुरात एक समज घट्ट बसलाय: ऊन फार, म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका, इंजिन थंड राहील. राहतं खरं. इतकं थंड राहतं की जलाशयाच्या पाण्यावर ते पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर जातच नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, पांढुरका धूर येतो, न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, झिजतात. इंजिन ८० अंशांच्या आसपास चालायला हवं. थर्मोस्टॅट तपासायला भांडंभर पाणी, स्टोव्ह आणि थर्मामीटर पुरे: पाण्यात लोंबकळत ठेवा, त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ तो उघडायला लागला पाहिजे. भांड्याच्या तळाला टेकवू नका, तळ जास्त तापतो आणि आकडा चुकतो.

खरोखर तापत असेल तर कारण जवळजवळ नेहमी बाहेरच्या पाण्याच्या वाटेत असतं. गोसेखुर्दच्या फुगवट्यात, अंभोऱ्याकडे, जलपर्णीचे तुकडे आणि तंतुमुळं गाळणीत अडकतात. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे तिकडेच जातं, जलपर्णीला खत कमी नाही. दिवसातून दोनदा गाळणी उघडून बघावी. त्यापुढे रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं पानांचं चाक: एक पान जरी तुटलं तरी पाणी कमी होतं, आणि तुटलेला तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो. नवा इम्पेलर टाकून काम झालं असं समजू नका. जुन्याची पानं मोजा, जे कमी असेल ते शोधून काढा.

मागच्या एक्झॉस्टमधून पाण्याचा झोत नेहमीसारखा पडतोय का, हे चालकाने दर फेरीला मान वळवून बघायचं. एक्झॉस्टच्या ज्या कोपरापाशी पाणी धुरात मिसळतं तो कोपरा वर्षातून एकदा खोलावा. आत काजळी आणि गंज मिळून भोक बोटाएवढं राहिलेलं असतं. इंजिनाला श्वास सोडता येत नाही, ताकद पडते, डिझेल वाढतं. लोक मात्र आधी नोझल बदलतात.

पंप, नोझल आणि हातभर कामं

डीपीए पंप हा या इंजिनाचा जीव. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरवर हाच पंप चालला, त्यामुळे नागपुरातल्या कुठल्याही जुन्या पंप-नोझलवाल्याला तो डोळे मिटून खोलता येतो. बोट घेताना हा मोठा दिलासा. या पंपाला वेगळं ऑइल नाही, आतलं सगळं डिझेलनेच वंगण घेतं. म्हणून डिझेलमध्ये पाणी गेलं की आधी पंप मरतो. पावसाळ्यानंतर अर्धी रिकामी टाकी म्हणजे आतून घाम फुटलेली टाकी. रात्री टाकी भरून ठेवा आणि वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू दर आठवड्याला सोडून बघा.

नोझल कोणती बिघडलीय हे कळायला जुनी रीत अजून उत्तम. इंजिन आयडलवर ठेवा आणि एकेका नोझलच्या पाईपचा नट पाव फेरा सैल करा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच लंगडतं, आवाज बदलतो. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही इंजिनाला काही फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. नटावर फडकं धरा, हात फवाऱ्यापासून लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, आणि ती जखम दिसायला बारीक असली तरी थेट दवाखान्याची असते. काढलेल्या नोझल टेस्टरवर टाकून बघायच्या: चारही छिद्रांतून सारखं धुकं, नंतर टोक कोरडं. टोकाला थेंब लोंबला तर ती नोझल पिस्टनची वाटी जाळणार. नोझल बदलताना खालचा तांब्याचा वॉशर नवा घाला. जुना अडकून राहिला आणि त्यावर नवा बसला तर फवारा वर उचलला जातो, वाटीत पडायचं डिझेल हेडवर पडतं.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर ०.३० मिलिमीटर, इनलेट-एक्झॉस्ट दोन्हीला. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. फिल्टर बदलल्यावर हवा काढण्याचा क्रम: आधी फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू, मग पंपाच्या अंगावरचा खालचा, मग गव्हर्नरच्या (आरपीएम राखणाऱ्या भागाच्या) घरावरचा वरचा, शेवटी नोझलचे नट. लिफ्ट पंपाची दांडी हलवूनही दाब येत नसेल तर कॅमचं टोक दांडीखाली आलंय. क्रँक एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. निम्म्या "पंप गेला" केसेस इथेच सुटतात.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. लिफ्ट पंपाचं डायफ्रॅम फाटलं की डिझेल थेट सम्पमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. कागदावर एक थेंब टाकून वास घ्या. अशा वेळी डिझेलचा हिशेबही जुळत नाही, कारण ते जळतच नसतं. ऑइल लगेच बदला, पातळ ऑइलवर बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. एरवी ऑइल १५० तासांनी. दर शंभर लिटर डिझेलमागे अर्धा लिटर ऑइल खात असेल तर या वयाला ते माफ आहे.

बोटीच्या बुडाला शेवाळ, शाफ्टला वाजवीपेक्षा घट्ट आवळलेला ग्लँड (शाफ्टभोवतून येणारं पाणी अडवणारं पॅकिंग), आणि इंजिन-शाफ्टची रेष चुकलेली, हे तीन चोर इंजिनाच्या बाहेर बसतात. ग्लँडमधून बोट चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत. पूर्ण कोरडा आणि हाताला चटका देणारा ग्लँड म्हणजे तिथे घोडे जळतायत. कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये फीलर गेज फिरवून बघा. चार इंची तबकडीला वर-खाली-डावी-उजवीकडे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, आणि हे बोट पाण्यात तरंगत असताना बघायचं, ट्रेलरवर नाही.

घेताना

इंजिन नंबर एलडी अक्षरांनी सुरू होतो का ते बघा, ती ४.२३६ ची खूण. पण खूण पटली म्हणजे इंजिन मरीन झालं असं नाही. फोर्कलिफ्टचं किंवा जनरेटरचं इंजिन रंगवून मरीन म्हणून विकणं सर्रास चालतं. खऱ्या मरीनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याच्या जॅकेटचा असतो आणि हीट एक्स्चेंजर असतो. कोरडा मॅनिफोल्ड आणि त्यावर वेल्डिंग करून गुंडाळलेला पत्रा दिसला तर किंमत निम्म्यावर आणा. जनरेटरवरच्या इंजिनाचा गव्हर्नर १५०० आरपीएमला बांधलेला असतो, तो बोटीत पुढे जातच नाही. पंप बेंचवर देऊन बदलून घ्यावा लागतो आणि तो खर्च विकणारा सांगत नाही.

तिथे पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर आपण यायच्या आधी सुरू केलेलं आहे. थंड होईपर्यंत चहा घ्या, मग सुरू करायला सांगा. नागपूरच्या जानेवारीतल्या सकाळी पाच-सहा सेकंदांचा स्टार्टर माफ, मे महिन्यात नाही. मग ऑइल भरायचं झाकण काढा. बारीक वाफ चालेल. आगगाडीसारखे भकाभक लोट आले तर रिंगा आणि लायनर गेले, आणि त्या इंजिनाचा डिझेलचा कुठलाही आकडा ऐकायची गरज नाही.

फिल्टर, नोझल, डीपीएचे सील, लिफ्ट पंप, पट्टे हे घाट रोडकडच्या ट्रॅक्टर आणि ट्रकच्या दुकानांत फिरून जमतं. जॅकेटचा मॅनिफोल्ड, एक्स्चेंजरच्या नळ्यांचा गठ्ठा आणि कच्च्या पाण्याचा पंप इथे मिळत नाही. इंजिन घेतानाच हे तिन्ही धड आहेत का ते बघा.

पर्याय म्हणून लोक धाकटं ४.१०८ सुचवतात: पावणेदोन लिटर, ४००० आरपीएमला सुमारे पन्नास घोडे. दिसायला काटकसरी, पण त्याची फवारणी आडवळणाची आहे. डिझेल आधी बाजूच्या कोठडीत जळतं आणि वाटेत उष्णता जाते. एका लिटरात तिथे चारच घोडे राबतात. चार टनांच्या लाँचला ताशी बारा किलोमीटर नेण्यासाठी तेच वीसेक घोडे लागणार, म्हणजे धाकट्याला पाच लिटर आणि थोरल्याला साडेचार. हलकी, पाच-सात माणसांची बोट असेल तर मात्र धाकटंच घ्या, थोरल्याचं वजनच तिला जड जाईल. फुटाळा किंवा अंबाझरीएवढ्या पाण्यात दोन्ही नकोत. जुनं दोन-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड या तुलनेत येतच नाही. चाळीस घोड्यांचं असं यंत्र पूर्ण रेसला तासाला पंधराहून जास्त लिटर पितं, आणि तेही पेट्रोल. नवं कॉमन-रेल डिझेल दहा-पंधरा टक्के वाचवतं आणि आवाजात कितीतरी सुसह्य असतं. पण वर्षाला दोन-तीनशे तास चालणाऱ्या लाँचमध्ये त्या दहा-पंधरा टक्क्यांतून त्याची किंमत वसूल व्हायला बोटीचं बूड सडायची वेळ येईल.

सतत हळू चालवण्याचा एक तोटा मात्र आहे. दिवसभर १२०० वर रमतगमत फिरलं तर नोझलच्या टोकावर आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते, लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ऑइल वर यायला लागतं. रोज शेवटच्या फेरीला, बोट भरलेली असताना, दहा मिनिटं २००० च्या वर चालवा. त्या दहा मिनिटांत लिटर-दीड लिटर डिझेल जाईल, आणि सुरुवातीला थोडा काळा धूर येऊन मग साफ होईल. साफ झाला नाही तर उद्या सकाळी बोट काढायच्या आधी एक्झॉस्टचा कोपरा खोला.